कट मारल्याच्या कारणावरून

सोलापूर मागे टाकून तुळजापूरकडे निघाले की धाराशिव जिल्ह्याची हद्द सुरू होते ती तामलवाडीच्या आसपास. गाव लहान, रस्ता मात्र देशातल्या लांब रस्त्यांपैकी एक. जुनी माणसे याला अजून दोनशे अकरा नंबरचा हायवे म्हणतात. आता तो पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग 52 आहे. तामलवाडीला टोलनाका आहे आणि पोलीस ठाणेही आहे. देवीला निघालेल्या जीपा, एसटी, दक्षिणेकडचे कंटेनर, हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, कडेने शेताकडे जाणाऱ्या दुचाक्या असे सगळे इथून जाते. एमएच-25, एमएच-13, केए-28 या पाट्या एकाच रांगेत दिसतात. प्रत्येकाचा वेग वेगळा, घाई वेगळी. चौपदरी महामार्गावर मोटारीसाठी देशभरात ठरवलेली कमाल मर्यादा ताशी 100 किलोमीटर आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर जाते, आणि तिच्यापुढचा ट्रॅक्टर सायकलीच्या चालीने चाललेला असतो.

अशा रस्त्यावर भांडणाला फार मोठे कारण लागत नाही. साइड दिली नाही, मागून सारखा डिपर मारला, टोलच्या रांगेत मध्येच गाडी घुसवली, एवढे पुरते. वर्तमानपत्रातल्या गुन्हेवार्तेत हे सगळे एका ठरलेल्या वाक्यात येते: ‘गाडीला कट मारल्याच्या कारणावरून शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी, लोखंडी रॉडने मारहाण केली व जिवे मारण्याची धमकी दिली.’ वाचणारा पान उलटतो. पण या एका वाक्यात किमान चार गुन्हे आहेत. ‘कारणावरून’ या शब्दाच्या अलीकडे जे घडले, त्याचा हिशेब आणखी वेगळा. या प्रकरणात तो हिशेब मांडायचा आहे. रस्त्यावर चिडलेल्या माणसाला वाटत असते की झाले ते एक भांडण. कायदा त्या भांडणाचे तुकडे करतो, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळे विचारतो: हे करताना तुला काय कळत होते?

आधी नुसत्या गाडी चालवण्याकडे पाहू. कोणाला धक्का लागलेला नाही, कोणी खाली उतरलेले नाही. फक्त एकाने दुसऱ्याच्या पुढ्यात गाडी घातली, मग दुसऱ्याने इरेला पेटून त्याला दुभाजकाकडे दाबत नेले. इथेच गुन्हा पूर्ण झाला आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने कलम 279 आता कलम 281 झाले आहे: सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवणे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोबत मोटार वाहन कायद्याचे कलम 184 येते. 2019च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा केले तर दोन वर्षांपर्यंत कैद. कायद्याविरुद्ध ओव्हरटेक करणे, उलट दिशेने येणे, हातात मोबाइल धरून गाडी चालवणे या गोष्टी त्या कलमात नावानिशी घातल्या आहेत. पोलीस परवाना ताब्यात घेऊन तो अपात्र ठरवण्यासाठी परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतात. ज्याचे पोटच स्टीअरिंगवर आहे, त्याला दंडापेक्षा ही गोष्ट जड जाते.

मोटार वाहनांसाठी स्वतंत्र कायदा असताना फौजदारी कायदा कशाला, असा प्रश्न खरोखरच न्यायालयात गेला होता. गुवाहाटी उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत फक्त मोटार वाहन कायदा लावावा असे सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अरुणाचल प्रदेश राज्य विरुद्ध रामचंद्र रबिदास या खटल्यात ते मान्य केले नाही. दोन्ही कायदे आपापल्या जागी उभे आहेत आणि एकाच घटनेला दोन्ही लागू शकतात.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. बेदरकार वाहन चालवण्याचा गुन्हा दोघांनी चहा पिऊन मिटवता येत नाही. साधी मारहाण, अडवणूक, अपमान हे गुन्हे फिर्यादीच्या संमतीने मिटू शकतात, पण कलम 281 त्या यादीत नाही. कारण सरळ आहे. धोका समोरच्या गाडीवाल्यापुरता नव्हता. कडेने डोक्यावर वैरण घेऊन चाललेल्या बाईलाही तो होता, आणि तिच्या वतीने माफ करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता गाड्या थांबतात. आडवी गाडी लावून दुसऱ्याची वाट अडवली की कलम 126, एक महिन्यापर्यंत साधी कैद. चिथावणी होईल असा अपमान, म्हणजे आपली नेहमीची शिवीगाळ, कलम 352. धमकी कलम 351. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत, जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत कैद. हाताने मारले आणि साधी दुखापत झाली तर कलम 115, एक वर्षापर्यंत. हाड मोडले, दात पडला तर ती गंभीर दुखापत होते आणि कलम 117 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डिकीतला टॉमी किंवा रॉड हातात आला की कलम 118: साध्या जखमेलाही तीन वर्षांपर्यंत, आणि त्याच रॉडने गंभीर दुखापत झाली तर किमान एक वर्ष आणि कमाल जन्मठेप. काच फोडली, बोनेट ठोकले तर कलम 324 खाली नुकसानीच्या रकमेप्रमाणे शिक्षा वाढते. एक लाख किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर पाच वर्षांपर्यंत.

मी ही कलमे एवढ्या बारकाईने लिहितो आहे त्याला कारण आहे. पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाचा पहिला अपेक्षाभंग इथेच होतो. नुसती हाताने मारहाण आणि शिवीगाळ असेल तर तो अदखलपात्र गुन्हा. एनसी लिहून घेतली जाते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पण वाट अडवणे दखलपात्र आहे, रॉडने मारणे दखलपात्र आहे, बेदरकार गाडी चालवणेही दखलपात्र आहे. फिर्यादीत फक्त ‘मला मारले’ एवढेच आले तर प्रकरण एनसीवर अडकू शकते. आधी गाडी कशी चालवली, मग कशी आडवी लावली, हातात काय होते, हे क्रमाने सांगितले तर त्याच घटनेचा रीतसर गुन्हा नोंदवावा लागतो. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अनेक गुन्हे असलेल्या एका प्रकरणात एक जरी दखलपात्र असला तरी सगळे प्रकरण दखलपात्र धरले जाते.

पाच किंवा अधिक जण जमले की चित्र पुन्हा बदलते. बेकायदा जमावाने समान उद्देशासाठी केलेल्या गुन्ह्याला कलम 190 प्रमाणे त्या जमावातला प्रत्येक जण जबाबदार असतो. गावाजवळ भांडण झाले की फोन जातो, दोन दुचाक्यांवरून चार पोरे येतात. त्यांना भांडण कशावरून झाले तेही ठाऊक नसते. त्यांच्यातला एक जरी डोक्यात घाव घालून बसला तरी नुसता बाजूला उभा राहिलेला पोरगा आरोपपत्रात येऊ शकतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईत मालाड पूर्वेला ओव्हरटेकच्या वादातून जमावाने एका तरुणाला इतके मारले की तो गेला. त्याची आई त्याच्या अंगावर पडून त्याला वाचवायला धडपडत होती. हे लिहितानाही हात थांबतो. रिक्षा पुढे गेली की दुचाकी, एवढाच तो मूळ वाद होता.

साध्या हाताच्या मारापायी काय होऊ शकते, याचा देशातला सर्वांत प्रसिद्ध खटला पतियाळाचा आहे. 27 डिसेंबर 1988 रोजी शेरांवाला गेटजवळच्या चौकात रस्त्यात उभ्या केलेल्या गाडीवरून वाद झाला. क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू तेव्हा पंचविशीचे. समोरचे गृहस्थ 65 वर्षांचे. मारहाणीनंतर त्या गृहस्थांचा मृत्यू झाला. 1999 मध्ये सत्र न्यायालयाने सिद्धूंना निर्दोष सोडले. 2006 मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने ते फिरवून सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षांची शिक्षा दिली. मे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून फक्त साध्या दुखापतीचा गुन्हा कायम ठेवला आणि 1,000 रुपये दंड केला. मृताच्या कुटुंबाने फेरविचार मागितला. 19 मे 2022 रोजी त्याच न्यायालयाने दंडाच्या जोडीला एक वर्षाची सक्तमजुरी दिली, म्हणजे त्या कलमाखाली देता येणारी सर्वांत मोठी कैद. शरीराने दणकट माणूस वयस्काला मारतो तेव्हा त्याचा हातच हत्यार ठरू शकतो, हा त्या निकालातला कळीचा विचार. भांडणानंतर 33 वर्षांनी, खासदारकी आणि मंत्रिपद भोगून झाल्यावर, हा माणूस तुरुंगात गेला. 1 एप्रिल 2023 रोजी बाहेर आला.

लोक या खटल्याकडे न्यायाच्या विलंबाचे उदाहरण म्हणून पाहतात, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात दुसरेही दिसते. चौकातले ते भांडण किती चालले असेल? त्यापायी दोन कुटुंबे तीन दशके कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. ज्यांचा माणूस गेला त्यांना ज्या कलमावर शेवटी समाधान मानावे लागले, ते साध्या दुखापतीचे होते.

आता सर्वांत गंभीर टप्पा: गाडीच अंगावर घालणे. इथे कायद्याची सीमारेषा बारीक आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. हयगयीने मृत्यू घडवणे हे कलम 106, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या कलम 304-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंतच होती. हा गुन्हा जामीनपात्र आहे. सदोष मनुष्यवध हे कलम 105. आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव असूनही ते केले तर दहा वर्षांपर्यंत, आणि मारण्याचा उद्देश असेल तर जन्मठेपेपर्यंत. जामीन सहजी नाही, खटला सत्र न्यायालयात. माणूस वाचला तरी खुनाच्या प्रयत्नाचे कलम 109 आहेच: दहा वर्षांपर्यंत, आणि इजा झाली असेल तर जन्मठेपही. मृतदेह तोच, गाडी तीच, रस्ताही तोच. फरक पडतो चालवणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होते यामुळे, आणि ते न्यायालय घटनेवरून ताडते.

महाराष्ट्राने हा धडा एका भीषण घटनेतून घेतला. 12 नोव्हेंबर 2006च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर अॅलिस्टर परेरा याची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. तो प्यालेला होता. सत्र न्यायालयाने हयगय धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली, तेव्हा संतापाची लाट उठली. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षे केली आणि 12 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. एकाच कृत्यात मृतांच्या बाबतीत जाणीवपूर्वक मनुष्यवध आणि जखमींच्या बाबतीत जीव धोक्यात घालण्याचा गुन्हा एकत्र नांदू शकतात, हेही तिथे स्पष्ट झाले. शिक्षा आजही मला अपुरी वाटते. पण तत्त्व पक्के झाले: ‘अपघात झाला’ एवढे म्हणून जाणीव पुसता येत नाही.

परेराच्या प्रकरणात राग नव्हता, दारू होती. रागात हे तत्त्व अधिकच लागू पडते असे माझे मत आहे. प्यालेल्याची जाणीव धूसर तरी असते. पाठलाग करणाऱ्याची नजर समोरच्या दुचाकीवरच रोखलेली असते. तो तिला पाहतो आहे, तिच्यासाठीच वेग वाढवतो आहे. त्याने दाबले आणि दुचाकीस्वार दुभाजकावर आपटला, तर ‘लक्ष नव्हते’ हा बचाव त्याच्या तोंडी शोभत नाही.

तामलवाडीच्या रस्त्याला ही गोष्ट आणखी एका कारणाने लागू आहे. नवरात्रात आणि त्यानंतरच्या कोजागरीला सोलापुरातून, कर्नाटकातून हजारो भाविक याच वाटेने तुळजापूरला पायी जातात. लेकरे कडेवर, म्हाताऱ्या अनवाणी. पौर्णिमेच्या सुमारास इथली वाहतूक दुसरीकडे वळवतात. पण त्याच्या आधीचे-नंतरचे दिवसही रस्त्याच्या कडेला माणूस असतोच, आणि हे या भागात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा दिवसांत रागाने डाव्या कडेवर गाडी घालणाऱ्याने मला माहीत नव्हते म्हटले तर कोणत्या न्यायाधीशाला ते पटेल?

‘त्यानेच आधी चिडवले’ हा युक्तिवाद कायद्यात अगदीच नाही असे नव्हे. गंभीर आणि अचानक प्रक्षोभ, किंवा अचानक उद्भवलेली झटापट, हे खुनाच्या कलमातले अपवाद आहेत. पण त्यांनी आरोपी सुटत नाही. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होतो, इतकेच. आणि प्रक्षोभ असा लागतो की माणसाचा स्वतःवरचा ताबा खरोखर सुटावा. दोन किलोमीटर पाठलाग करून, पुढच्या ढाब्यापाशी गाठून मारले तर त्यात अचानक असे काय उरते?

धडक झाल्यावर पळून जाण्याबद्दल बराच गोंधळ आहे. न्याय संहितेच्या कलम 106च्या दुसऱ्या पोटकलमात, मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी देशभर संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि 1 जुलैला संहिता लागू करताना हे पोटकलम बाजूला ठेवले गेले. म्हणून पळायला मोकळीक आहे असे मात्र नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि पोलिसांना कळवायचे, जास्तीत जास्त 24 तासांच्या आत. चालकांची भीती खरी असते; जमाव जिवावर उठतो हे त्यांनी पाहिलेले असते. कायद्यानेही ती ओळखली आहे: जमावाच्या क्षोभामुळे शक्य नसेल तर मदतीच्या बंधनातून सूट आहे. जमावापासून निसटून थेट पोलीस ठाण्यात हजर होणारा आणि गाडी शेडमध्ये लपवून नंबर प्लेट काढणारा, या दोघांना न्यायालय एका तागडीत तोलत नाही. मदत करणाऱ्या वाटसरूलाही कलम 134-अ चे संरक्षण आहे. त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती नाही.

तुरुंगाची भीती नसलेल्यालाही पैशाचा हिशेब समजतो, म्हणून तोही मांडतो. समजा, धडकेत गेलेला तिशीच्या आतला एक माणूस महिना 15,000 रुपये कमावत होता. मागे बायको, दोन मुले आणि आई. स्वतःचा व्यवसाय असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या कमाईत भविष्यातील वाढीसाठी 40 टक्के धरतात: 21,000. त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी एक चतुर्थांश वजा: 15,750. वर्षाचे 1,89,000. वय 26 ते 30 असेल तर गुणक 17. म्हणजे 32,13,000 रुपये, शिवाय अंत्यविधी, सहवास वगैरेंच्या रकमा आणि व्याज. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 मधल्या सरला वर्मा आणि 2017 मधल्या प्रणय सेठी निकालांतून आलेली ही रीत आहे. विमा असेल तर सामान्यतः कंपनी देते. पण चालकाकडे वैध परवाना नव्हता असे निघाले तर कंपनी आधी पैसे भरून नंतर मालकाकडून वसूल करू शकते. गाडी पुतण्याने नेली होती म्हणून काका सुटत नाही. विमाच नसेल तर शेतावर बोजा चढायची वेळ येते. आणि स्वतःच्याच बेदरकारपणाने जो मरतो त्याचे काय? 2025च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या अशाच एका प्रकरणात मृताच्या कुटुंबाची 80 लाखांची मागणी मान्य केली नाही. चूक त्याचीच होती, तर भरपाई कोणाकडून मागणार? शिक्षा बायकामुलांना झाली.

धाराशिव, सोलापूर, लातूरकडची कितीतरी मुले पहाटे उठून पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी धावतात. त्यांच्यासाठी एक ओळ जास्तीची. भरतीच्या फॉर्ममध्ये दाखल गुन्ह्यांची माहिती मागतात, ती लपवली तर नेमणूक जाऊ शकते. 2016च्या अवतार सिंग निकालात याचे नियम सविस्तर आले आहेत. फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्टही नाकारला जाऊ शकतो. टोलनाक्यावर मित्राच्या बाजूने उतरून मारलेली एक थप्पड चारित्र्य पडताळणीत वर येते.

आता दुसऱ्या बाजूचे. कोणी मागे लागले तर थांबू नका, काच खाली करू नका, गाडी आडरस्त्याला घालू नका. उजेड आणि माणसे असतील तिथे, टोलनाक्यावर किंवा पोलीस ठाण्यासमोर जा, वाटेतच 112 लावा. महामार्गासाठी 1033 आहे, रुग्णवाहिकेसाठी 108. गाडीचा नंबर, रंग, वेळ आणि जवळचा किलोमीटरचा दगड सोबतच्याला लिहून घ्यायला सांगा. मोबाइलमधले चित्रण पुरावा म्हणून चालते, पण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फोन आणि मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली प्रत कमकुवत ठरते. टोलनाक्यावरचे किंवा ढाब्यावरचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते जपून ठेवण्याचा अर्ज पोलिसांकडे लगेच, लेखी द्या आणि पोच घ्या. भरपाईचा दावा करायचा असेल तर 2019च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तो तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो.

आणि तुम्ही विजापूरचे किंवा लातूरचे असाल, देवदर्शन करून परतत असाल, तर फिर्यादीसाठी तामलवाडीला परत यायलाच हवे असे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. शून्य क्रमांकाने ती नोंदवली जाते आणि तिथून हद्दीच्या ठाण्याकडे पाठवली जाते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही खबर देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत मोफत मिळणे हा तुमचा हक्क आहे. ती मागून घ्या, आणि घटनेचा क्रम तुम्ही सांगितला तसाच उतरला आहे का, हे सही करण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.